उतरत्या ओव्हनवरचं जेवण : पार्ल्यातल्या एका बेकरी-कॅफेचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

विलेपार्ले पूर्वेला एका जुन्या सोसायटीच्या तळमजल्यावर दोन गाळे एकत्र करून ही बेकरी-कॅफे थाटलेली आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील इकडचे तिकडे केले आहेत. मालकीण तिशीतली. २०२०च्या टाळेबंदीत मुंबईत घरोघरी जे केक भाजले गेले, त्यातलेच काही तिचे. बाकीच्यांचे ओव्हन पुढे माळ्यावर गेले. हिने मात्र २०२२ मध्ये वडिलांचं बंद पडत आलेलं स्टेशनरीचं दुकान मागून घेतलं, शेजारचा गाळा भाड्याने जोडला आणि दोन डेकचा, म्हणजे एकावर एक दोन कप्प्यांचा, विजेवरचा ओव्हन बसवला. गल्ल्यावर आई बसते. ओव्हनवर एक उस्ताद आहेत, त्यांची उमेदीची सगळी वर्षं लाकडाच्या भट्टीसमोर गेलेली. वाढायला दोन मुलं, मागे चिरण्या-निवडण्याला आणि भांड्यांना मावशी.

बसायला चौदा खुर्च्या. खिडकीला लागून गाद्या टाकलेला लांब बाक, वर पिवळे दिवे, भिंतीला आजीच्या वेळची पितळी भांडी. सकाळी आत शिरलं की ताज्या ब्रेडचा वास अंगावर येतो. पार्ल्यात या वासाचं वेगळंच कौतुक आहे. बिस्किटांचा कारखाना २०१६ मध्ये बंद झाला, तरी जुने पार्लेकर अजून स्टेशनवर उतरल्यावर यायच्या त्या वासाबद्दल बोलतात. बेकरी काढायला याहून बरी जागा नाही.

सकाळचं आणि संध्याकाळचं गिऱ्हाईक ठीक होतं. बारा ते तीन मात्र दुकान ओस. एसी चालू, मुलं मोबाइलवर, आई पेपरातलं शब्दकोडं सोडवत बसलेली. भाडं त्या तीन तासांचंही द्यावं लागतंच. म्हणून जानेवारी २०२५ पासून दुपारचं जेवण सुरू झालं. जाड कागदावर छापलेल्या मेनूकार्डात तीन तऱ्हांचा पास्ता, चार पातळ पिझ्झे, सॅलड, सूप, सँडविच आणि बर्गर धरून बावीस पदार्थ होते.

छोट्या खाद्य व्यवसायांच्या हिशेबाची आणि स्वयंपाकघराची घडी बसवून देणं हे माझं काम. मालकिणीची आई माझ्या बहिणीच्या भिशीतली. मार्चमध्ये बोलावणं आलं, तेव्हा मी एकच अट घातली. आधी गिऱ्हाईक म्हणून जेवणार, मग वह्या बघणार.

पहिलं जेवण

बहिणीला घेऊन पाऊण वाजता गेलो. बाकावरची चांगली जागा मिळाली नाही, कारण तिथे दोन लॅपटॉप उघडलेले होते आणि त्यांच्या शेजारी दोन रिकामे कप. आम्ही दाराजवळच्या टेबलावर बसलो. टोमॅटो सूप, एक पिझ्झा, एक पांढऱ्या सॉसचा पास्ता सांगितला.

सूप लगेच आलं आणि छान होतं. त्यासोबत यायचा ब्रेड आला नाही. विचारल्यावर मुलगा म्हणाला, "काका, ब्रेड गरम करायला टाकलाय, पण आत केक आहेत." मग पास्ता आला, एकट्या बहिणीचा. तिने बराच वेळ काटा हातात धरून माझी वाट पाहिली, शेवटी मीच म्हटलं, "खा गं, गार होईल." तिचा पास्ता संपत आला तेव्हा माझा पिझ्झा आला. तो वरून भाजलेला होता, खालून फिका आणि मऊ. चीज ताणलं जात होतं, पण घास उचलला की टोक खाली लोंबायचं.

तेवढ्यात आतून उस्तादांचा आवाज चढला. गिऱ्हाईकाच्या कानावर पडू नये असं काहीतरी ते म्हणाले. नंतर कळलं की पिझ्झा आत सरकवायला ओव्हनचं दार उघडलं, तेव्हा दुसऱ्या दिवशीच्या ऑर्डरचे दोन स्पंज केक मधोमध बसले.

शेजारच्या टेबलावर गळ्यात कार्ड अडकवलेल्या तीन मुली होत्या, कुठल्यातरी ऑफिसातल्या. दीड वाजता त्यांनी अर्धा पिझ्झा बांधून मागितला आणि एकमेकींना घड्याळ दाखवत निघाल्या. चवीबद्दल कुणी कुरकुर केली नाही. त्या पुन्हा आल्या का, हे मी आईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "दिसल्या नाहीत हो."

अडचण नेमकी कुठे होती

मालकिणीचा निदानाचा कल चवीकडे होता. सॉस बदलू का, चीज महागातलं आणू का, पास्त्याला चांगला आचारी ठेवू का, असे तिचे प्रश्न. मला वाटलं, हा प्रश्न जिभेचा नाही, घड्याळाचा आहे. एका बुधवारी गल्ल्याशेजारी वही घेऊन बसलो आणि ऑर्डर लिहिल्यापासून ताट टेबलावर ठेवेपर्यंतची मिनिटं टिपली. ग्रिलवरचं सँडविच दहा मिनिटांच्या आत येत होतं. पास्त्याला वीस-बावीस लागत होती. पिझ्झा पंचवीसच्या खाली एकदाही आला नाही.

पिझ्झा एरवी किती पटकन होतो! पण त्याला अडीचशे अंश सेल्सिअस किंवा वर तापलेला ओव्हन लागतो, खालून दगड कडकडीत तापलेला. केकला एकशे सत्तर-ऐंशी पुरतात. दोन्ही एकाच ओव्हनमध्ये, एकाच तासात व्हायचे म्हणजे कुणीतरी मार खाणारच. डेक ओव्हनच्या जाड पाट्या तापायला वेळ घेतात आणि निवायला त्याहून जास्त. बटण फिरवलं की आकडा बदलतो, पाटी बदलत नाही. इथे दोन्ही डेक दुपारी केकसाठी अडकलेले. त्यामुळे पिझ्झा अर्ध्या तापावर रेंगाळत होता, आणि त्याच्यासाठी वारंवार उघडणाऱ्या दाराने केक खाली बसत होते. अर्धवट फुललेल्या स्पंजला थंड झोत लागला की आतली हवा धरून ठेवणारी चौकट तयार होण्याआधीच कोसळते. मग तो केक विकता येत नाही. फार तर चुरा करून ट्रायफलमध्ये, म्हणजे केक-कस्टर्डच्या थरांच्या गोडात, जातो.

दुसरी बाजू खुर्च्यांची. पार्ल्यातला दुपारचा जेवणारा पाऊण ते सव्वादोन या दीड तासात येतो. एक जण पाऊण तासात उठला तर चौदा खुर्च्यांवर अठ्ठावीस माणसं जेवतात. सव्वा तास बसला तर जेमतेम सतरा. बाकावरचे लॅपटॉपवाले वजा केले की दहा-बारा. एवढ्यासाठी सॉस, भाज्या, चीज, दोन वाढपी आणि एसी.

तिसरी गोष्ट कुणी बोलून दाखवली नव्हती, ती म्हणजे मुंबईत दुपारच्या जेवणाची खरी स्पर्धा हॉटेलाशी नसते, डब्याशी असते. पार्ल्यात कचेऱ्या भरपूर, पण बहुतेकांच्या पिशवीत घरची पोळी-भाजी असते. बाहेर जेवतो तो कोण? डबा विसरलेला, नव्याने नोकरीला लागून पेइंग गेस्ट राहणारा, घरून काम करणारा, बँकेत पेन्शनचं काम उरकून दोघंच बाहेर पडलेले आजी-आजोबा, आणि पहिल्या आठवड्यात पगार झाल्यावर "आज चला" म्हणणारा घोळका. यांच्यातल्या नोकरदारांना अर्धा-पाऊण तास असतो. आजी-आजोबांना वेळ असतो, पण त्यांना बावीस पदार्थांतले सतरा वाचूनही कळत नाहीत.

कोणते पर्याय होते

सर्वांत आधी आठवतो तो पर्याय दुसऱ्या ओव्हनचा. छोटा पिझ्झा ओव्हन घ्यायचा, केक मोकळे. पण वीजजोडणीचा मंजूर भार जवळजवळ संपलेला, तो वाढवायचा म्हणजे अर्ज, अनामत आणि वायरिंग. मागच्या खोलीत उभं राहायला जागा नाही, त्यात आणखी एक तापलेली पेटी. मेमध्ये तिथे मावशींनी काम कसं करायचं? हा पर्याय आम्ही पंधरा मिनिटांत बाजूला ठेवला.

आचारी आणि गॅसची शेगडी, हा मालकिणीचा आवडता विचार. इथे सोसायटी आडवी आली. वरच्या मजल्यावरच्यांना ब्रेडचा वास चालतो, फोडणीचा धूर चालत नाही. चिमणी गच्चीपर्यंत न्यायची तर सर्वसाधारण सभेची मंजुरी हवी. शिवाय अग्निशमनाच्या अटींची पूर्तता करायची, आणि पालिकेचा आरोग्य परवाना ज्या कामासाठी घेतला ते कामच बदलणार. दुकान तिचं असलं तरी भिंत सगळ्यांची, हे मुंबईत तळमजल्यावर धंदा करणाऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही.

आईंचं म्हणणं वेगळंच होतं, आणि त्यावर आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवला. "थाळी ठेवा. भाजी-पोळी, वरण-भात. लोक जेवायला येतात, खेळायला नाही." जवळच एक महिला गृहउद्योग होता, तयार भाजी-आमटी द्यायला राजी होता. ओव्हनचा प्रश्नच मिटणार होता. मी आकडे मांडले. त्या भागात साधी थाळी जितक्याला मिळते, तितक्यात विकत आणलेलं अन्न, एसी आणि दोन वाढपी बसत नाहीत. खाद्य व्यवसायात साधारण विक्रीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास कच्च्या मालाचा खर्च धरतात. इथे तो निम्म्याच्या वर चालला होता. दर वाढवावा तर समोरची खाणावळ ताजी पोळी तव्यावरून थेट ताटात टाकते. तिच्याशी कसं जिंकणार? आईंना पटलं नाही. "मग बेकरीत जेवायला का यावं कुणी?" त्यांनी विचारलं, आणि तो प्रश्न पुढच्या सगळ्या निर्णयांना उपयोगी पडला.

डिलिव्हरी अ‍ॅपवर जोर द्यायचा, हाही एक मार्ग होता. पण अ‍ॅपवाल्यांचं कमिशन वजा जाता पास्त्यात काही उरत नव्हतं. शिवाय पातळ पिझ्झा डब्यात बंद करून अंधेरीपर्यंत नेला की चामड्यासारखा होतो. शेवटचा पर्याय, जेवण बंद करून दुपारी फक्त चहा-कॉफी. मालकिणीने तो खरंच मनावर घेतला होता.

वळण

तोडगा निघाला तो उस्तादांच्या एका वाक्यातून. आम्ही तिघं बोलत होतो, ते शेजारी उभं राहून टोस्टचे तुकडे रचत होते. त्यांनी मान न वळवता म्हटलं, "भट्टी में पहले पाव, फिर नानखटाई, फिर टोस्ट. भट्टी उतरती है, माल उसके पीछे चलता है. यहाँ भट्टी को माल के पीछे दौड़ाते हो."

लाकडाच्या भट्टीत हे शब्दशः तसंच चालतं. पहाटे भट्टी सणसणीत तापलेली, तेव्हा पाव आणि कडक कवचाचा ब्रून. विस्तव काढल्यावर मंद आचेवर नानखटाई आणि बिस्किटं. रात्रभराच्या उरल्यासुरल्या उबेत टोस्ट कडक होतात. एकदा तापवलेल्या विटांतून शेवटचा अंशसुद्धा वसूल केला जातो. विजेच्या ओव्हनवर ही शिस्त लागत नाही, कारण बटण हाताशी असतं.

मग आम्ही दिवसाचा तक्ता ओव्हनच्या बाजूने मांडला. सकाळी सातला सव्वादोनशेच्या आसपास ब्रेड. साडेनऊनंतर ताप खाली आणायचा, एकशे ऐंशीवर केक. बारा वाजता केक बाहेर, डेक अजून एकशे ऐंशीवरच. या वेळी, या तापावर काय भाजता येईल? उत्तर मालकिणीच्या आईकडेच निघालं. बेक डिश. फरसबी, गाजर, मटार, फ्लॉवर, पांढरा सॉस, वर चीज आणि ब्रेडचा चुरा. पार्ल्यातल्या घरांत एकेकाळी पाहुणे येणार म्हणजे हीच बशी ओव्हनमधून बाहेर यायची. तिला वेगळा आचारी लागत नाही, सकाळी मावशी आणि मालकीण वाट्या भरून ठेवू शकतात, आणि चुऱ्यासाठी कालचा ब्रेड वापरता येतो.

काय केलं

जूनमध्ये शाळा-कॉलेजं उघडली त्या आठवड्यात नवा मेनू लागला. जाड कार्डं गेली, फळा आला. त्यावर दोनच ताटं. मोठ्या ताटात बेक डिशची वाटी, टोमॅटो सार, ताज्या ब्रेडचे दोन जाड तुकडे आणि काकडीची कोशिंबीर, २४० रुपये. छोट्यात भरलेला बन आणि सार, १६० रुपये. बनात कधी बटाटा-मटार, कधी पनीर. ग्रिलची दोन सँडविचं तशीच राहिली. पास्ता आणि पिझ्झा पूर्ण बंद.

सूपऐवजी सार हा आईंचा हट्ट, आणि तो योग्य होता. सार सकाळी करून ठेवता येतं, इंडक्शनवर गरम राहतं, पावसात लोक दोनदा मागतात. लेट्यूसऐवजी काकडी हा माझा हट्ट. मुंबईच्या पावसाळ्यात परदेशी पालेभाजी महाग, चिखलाची, अर्धी फेकून द्यावी लागणारी.

पांढऱ्या सॉसच्या वाट्यांबाबत एक कडक नियम घातला. असा दुधाचा पदार्थ कोमट राहिला की बिघडतो. अन्नसुरक्षेच्या नियमांत गरम अन्न साठ अंशांच्या वरच ठेवायचं असतं. त्यासाठी एक छोटा बेन मारी, म्हणजे गरम पाण्यावर अन्न गरम राखणारी पेटी, आला आणि टोचायचा थर्मामीटर. अडीच वाजता उरलेली वाटी विकायची नाही, ती घरच्यांनी आणि मुलांनी खायची. सुरुवातीला उरलेल्या वाट्या बघून मालकिणीचा जीव वर-खाली व्हायचा. एकदा म्हणाली, "काका, संध्याकाळी पुन्हा गरम करून दिली तर?" आईच मध्ये बोलल्या, "नाही."

बाकावरच्या लॅपटॉपवाल्यांचं काय करायचं, यावर मतभेद झाले. मालकिणीने काचेवर पाटी लावली की साडेबारा ते अडीच लॅपटॉप वापरू नये. दोन दिवसांत एक नेहमीचा तरुण दुखावला. तो रोज सकाळी ब्रेडही नेत असे. मग पाटी काढली आणि बाकाजवळचे प्लग पॉइंट त्या वेळात बंद ठेवले. भिंतीकडच्या दोन स्टुलांजवळचे चालू. बॅटरी संपली की माणूस आपोआप स्टुलावर जातो. हा उपाय वाढपी मुलाने सुचवलेला, आणि पाटीपेक्षा शंभर पट शहाणा.

आणखी एक दुरुस्ती गिऱ्हाईकाने करून घेतली. जुन्या बिलावर पाच टक्के सेवाशुल्क आपोआप लागायचं, मोठ्या हॉटेलांचं बघून ठेवलेलं. एका निवृत्त बँक अधिकाऱ्याने बिल पुढे केलं आणि शांतपणे सांगितलं की केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार हे असं आपोआप लावता येत नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना कायम ठेवल्यात. त्यांनी पैसे परत मागितले नाहीत. बिलातली ओळ दुसऱ्या दिवशी गेली, गल्ल्यावर बक्षिशीची बरणी आली. मुलांचं म्हणणं, बरणीत जास्त पडतं.

अंड्याचा प्रश्न

याला वेगळं लिहायला हवं, कारण पार्ल्यात याच एका गोष्टीवर जेवणाचा धंदा उभा राहतो किंवा बसतो. मराठी आणि गुजराती शेजार, त्यात जैन कुटुंबं, त्यात ब्राह्मणी घरातली अशी माणसं जी केकमधलं अंडं चालवून घेतात पण ताटातलं नाही. सुरुवातीच्या मेनूत अंड्याचं सँडविच आणि चिकन बर्गर होते. दुपारी दारात उभं राहून विचारणारा एक तरी असायचाच, "ट्रे वेगळे आहेत का?"

ट्रे वेगळे नव्हते. मालकिणीला खोटं सांगायचं नव्हतं, आणि खरं सांगितलं की माणूस वळायचा. दोन पर्याय होते. भांडी, चमचे, ट्रे सगळं दुहेरी करायचं, किंवा दुपार पूर्ण शाकाहारी आणि बिनअंड्याची ठेवायची. दुसरं ठरलं. चिकन पॅटिस आणि अंड्याचे केक काउंटरच्या एका टोकाला, तपकिरी चौकोनातल्या तपकिरी त्रिकोणाच्या खुणेखाली. भारतीय नियमांत अंडं मांसाहारी खुणेखालीच येतं. पुष्कळ बेकऱ्या ती खूण विसरतात. जेवणाच्या वाट्या आणि बनांचे ट्रे नवे घेतले, त्यांच्या कडेला हिरवी पट्टी रंगवली आणि ओव्हनचा वरचा डेक बारानंतर फक्त त्यांच्यासाठी राखला.

यात नुकसान झालंच. संध्याकाळी जिमहून येणारी मुलं दुपारीही अंड्याचं सँडविच मागायची, ती समोरच्या इराण्याकडे वळली. मालकिणीला ते महिनाभर खुपत होतं. माझ्या मते सौदा फायद्याचा होता, कारण एक बिनअंड्याचा माणूस सोबत चार जण आणतो. घोळक्यात जागा ठरवतो तो सर्वांत जास्त पथ्य असलेला.

उपासाचं मात्र आम्ही मुद्दाम केलं नाही. जुलैच्या शेवटी श्रावण लागला, सोमवारी आणि चतुर्थीला विक्री पडायला लागली, आणि साबुदाणा खिचडीची कल्पना पुढे आली. पण ज्या खोलीत सकाळपासून मैदा उडतो, तिथली खिचडी उपासाला चालेल का? आईंनी स्वतःच सांगितलं, "मी खाणार नाही." तिथेच विषय संपला. त्या दिवशी वाट्या निम्म्याच भरायच्या, एवढंच ठरलं.

परिणाम

गणपतीच्या आसपास चित्र बदललेलं दिसलं. ऑर्डर ते ताट हे अंतर सात-आठ मिनिटांवर आलं. खुर्ची पस्तीस-चाळीस मिनिटांत मोकळी होऊ लागली. केक बसणं बंद झालं, आणि तो फायदा जेवणाच्या वहीत दिसत नसला तरी कदाचित सर्वांत मोठा होता. उस्ताद दुपारी ओरडत नाहीत.

कच्च्या मालाचा खर्च विक्रीच्या तिसऱ्या हिश्श्याजवळ आला. ब्रेडचा चुरा वापरला जाऊ लागल्याने फेकून द्यायचा माल कमी झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये केक-पेस्ट्रीवरचा जीएसटी अठरावरून पाच टक्क्यांवर आला, तेव्हा बिलिंगचा एक ताप आपोआप उतरला. जेवताना खाल्लेली पेस्ट्री आणि बांधून नेलेली पेस्ट्री यांवर वेगळा कर का, हे गल्ल्यावर समजावत बसायची वेळ संपली.

सगळं गोड नाही. बँका दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद, त्या दिवशी दुपार पुन्हा ओस. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात २४०चं ताट अडतं आणि १६०चंच खपतं. कार्डावरचे पदार्थ काढल्याबद्दल काही जुन्या गिऱ्हाइकांनी नाराजी लिहिली. एकाने लिहिलं, "कॅफे होता, मेस झाली." मालकीण त्या रात्री झोपली नाही म्हणे.

आणखी एक धक्का बाहेरून बसला. भरलेल्या बनाबरोबर ती सुरुवातीला जवळच्या जुन्या भट्टीतला लादी पावही देत होती, तो तिच्याकडे होत नाही. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणावरून लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना स्वच्छ इंधनावर जायला सहा महिन्यांची मुदत दिली होती. ती भट्टी पावसाळ्यात गॅसवर जाण्याच्या कामासाठी बंद-चालू राहिली आणि पावाचा भरवसा गेला. तेव्हा लादी पाव ताटातून काढून टाकला. उस्तादांना ते लागलं. त्यांचं म्हणणं, गॅसवरचा पाव दिसतो तसाच, पण कवच वेगळं. मी दोन्ही खाल्ले, मला फरक जाणवला नाही, पण त्यांच्याशी वाद घालायची माझी लायकी नाही.

आज पुन्हा करायचं तर

मेनू छापण्याआधी आठवडाभर दुपारी एक वाजता दाराबाहेर उभं राहून कोण जातंय ते बघायला हवं होतं. हातात डबा असलेले किती, गळ्यात कार्ड असलेले किती, काठी टेकत जाणारे किती. त्याला खर्च शून्य. बावीस पदार्थांचा विचार मागे पडला असता.

ओव्हनचा दिवसभराचा तक्ता उस्तादांसोबत पहिल्या दिवशीच मांडायला हवा होता. मालकिणीने त्यांना मेनू ठरल्यावर सांगितला, ठरवताना विचारलं नाही. लहान बेकरीत हे नेहमी होतं. शिकून आलेली मालकीण रेसिपी बघते आणि भट्टीची माहिती असलेला माणूस पगारपत्रकात राहतो.

पास्ता एका झटक्यात बंद करण्याऐवजी महिनाभर फक्त शनिवारी ठेवला असता, तर "मेस झाली" ही प्रतिक्रिया कदाचित टळली असती. यावर मालकिणीचं आणि माझं एकमत नाही. मला वाटतं, हळूहळू काढलेली गोष्ट पूर्ण निघत नाही. सॉसच्या बरण्या फ्रिजमध्ये राहतात आणि कुणीतरी मागतोच.

दर ठरवताना १६० आणि २४० यांमधलं अंतर जास्त झालं, असं आता वाटतं. मधलं एक ताट, अर्धी वाटी आणि एक ब्रेड, १९०ला, महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात चाललं असतं. ते दिवाळीनंतर करून बघायचं ठरलंय.

रविवारचा प्रश्न अजून सुटलेला नाही. रविवारी नोकरदार नसतात, कुटुंबं येतात, मुलं पिझ्झा मागतात, आणि त्या दिवशी केकच्या ऑर्डरीही सर्वांत जास्त असतात. मालकिणीला खालचा डेक रविवारी सकाळी लवकर मोकळा करून दुपारी अडीचशेवर न्यायचा आहे, फक्त पिझ्झ्यासाठी. उस्ताद म्हणतात, त्यासाठी शनिवारी रात्री दोनपर्यंत केक भाजावे लागतील आणि ते थांबायला तयार आहेत, पण दुप्पट मजुरीवर. आईंनी आकडेमोड करून कागद गल्ल्याखाली ठेवलाय, कुणाला दाखवत नाहीत.

मंजूर वीजभार वाढवण्याचा अर्जही मालकिणीने गेल्या आठवड्यात आणून ठेवलाय. भरलेला नाही. रविवारचं काय होतं, ते बघून भरणार म्हणे.